क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक नेमकं काय मानतात?

प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश, 'आतला प्रकाश' असतो आणि तो मध्यस्थाशिवाय जाणवतो, हा गाभा. १७व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांनी हे सांगायला सुरुवात केली.

मूळ पद्धतीच्या प्रार्थनासभेत पाद्री नसतो. तासभर सगळे गप्प बसतात. अगदीच राहवेना झालं की कुणीतरी उठून दोन वाक्यं बोलतं, मग परत शांतता. मला हे फार भावतं.

समोरच्यातही तोच अंश असेल, तर त्याच्यावर शस्त्र कसं उचलणार? त्याला गुलाम कसं करणार? १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये चौघांनी गुलामगिरीचा लेखी निषेध केला, तोही आपल्याच सभेपुढे, कारण तेव्हा काही क्वेकरही गुलाम बाळगत होते.

शपथ ते परंपरेने घेत नाहीत. कोर्टात खरं बोलायचं आणि एरवी सवलत, हे त्यांना मान्य नाही.