क्रँक पुलरच्या पुढची टोपी नसेल तर सायकलचा क्रँक कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की पुलर (क्रँक म्हणजे पॅडलचा दांडा, तो मधल्या एक्सलवरून ओढून काढायचं हत्यार) मित्राकडून परत आला आणि मित्र म्हणतोय टोपी त्याला आधीपासूनच नव्हती. हे वाक्य मी घरात चार वर्षं ऐकतोय म्हणून उत्तर लिहायला बसलो. आधीपासून नव्हती असं काही नसतं हो. टोपी, म्हणजे पुलरच्या मधल्या स्क्रूच्या टोकावरचा रुंद तुकडा, बऱ्याच पुलरना नुसती दाबून बसवलेली असते, क्रँक सुटला की ग्रीसला चिकटून एक्सलवरच राहते नाहीतर खाली पडून घरंगळत जाते, आणि पुलर नेणारा माणूस खाली न बघता पुलर पुसतो आणि पिशवीत टाकतो. झालं.

आमच्यात टोपी हरवायचं काम दादानं केलं. मला पत्ता नाही. जोतिबाच्या चढाला पायाखाली कट-कट आवाज येत होता, म्हटलं बीबी (एक्सल ज्यात फिरतो ते बेअरिंग) गेला असेल, रविवारी जेवण झाल्यावर अंगणात काम काढलं. बोल्ट काढला, त्यामागचा वॉशर काढला (तो विसरलात तर पुढचं सगळं फुकट), पुलर क्रँकच्या 22 मिलीमीटरच्या आट्यांत हातानं पार आतपर्यंत बसवला. मग मधला स्क्रू आवळतोय तर तो फिरतोय फिरतोय, टेकतच नाही. टोपी नसल्यामुळं त्याचं बारीक टोक सरळ एक्सलच्या बोल्टच्या भोकात चाललेलं.

दादाला फोन लावला. "अरे मग नाणं लाव की मध्ये." रुपया काही आट्यांतून आत जाईना. आईच्या देवघरातल्या डबीत गेंड्याचं चार आण्याचं नाणं होतं, ते स्टीलचं, 2011 ला चलनातून गेलेलं, 19 मिलीमीटरचं. ते आत गेलं आणि इतकं झकास बसलं की मला दोन मिनिटं दादाबद्दल आदर वगैरे वाटला.

आता चूक कुठं झाली ते बघा, कारण तुम्हीही हेच करणार आहात. एक्सलचं चौकोनी टोक क्रँकच्या भोकात थोडं आत असतं आणि भोवती क्रँकचीच कड असते, वॉशर टेकतो ती. 19 चं नाणं एक्सलवर टेकतच नाही, त्या कडेवर टेकतं. म्हणजे पुलर क्रँकला धरून क्रँकलाच ढकलतोय, ज्या सतरंजीवर बसलोय तीच उचलायला गेल्यासारखं. पाना जड व्हायला लागला तसं मला वाटलं आता निघतोय, अजून जोर दिला, आणि कडकन आवाज होऊन पुलर हातात. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक शेव अडकलेली. डाव्या क्रँकचे आटे साफ गेले. नाण्याची वाटी झालेली, ती मी आईला अजून दाखवलेली नाही.

परत दादा. "हातोडी घे, बाबांच्या सायकलचा क्रँक आपण हातोडीनंच काढायचो की." बरोबर, पण बाबांच्या 22 इंचीला कॉटर पिन होती, खाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकवून पिनेवर ठोका मारला की ती निघायची आणि क्रँक मोकळा व्हायचा. चौकोनी एक्सलला पिनच नाही तर ठोकणार कशाला? तरी मी मागून दोन ठोके मारले, खोटं कशाला बोलू. बीबी वाजत होता तो आता अडकायलाही लागला. मग दादाचा तिसरा सल्ला, बोल्ट न लावता चालव, आपोआप सुटेल. सुटतो, अगदी सुटतो, रंकाळ्याला एक चक्कर होईपर्यंत क्रँक डुलायला लागला आणि मी तो हातात घेऊन चालत घरी आलो. पण आतलं चौकोनी भोक गोलसर झालं, तो क्रँक परत कधीच घट्ट बसला नाही, नवा घ्यावा लागला. आटे आधीच गेले असतील तर हाच उपाय उरतो हे मान्य, पण तुमचे अजून शाबूत आहेत.

उजवा क्रँक मी नीट काढला. उद्यमनगरात एका लेथवाल्याला पुलर नेऊन दाखवला, त्यानं लोखंडी गजाचा 11 मिलीमीटरचा तुकडा तासून दिला, एका बाजूला स्क्रूचं टोक बसेल एवढा खड्डा, दुसरी बाजू सपाट. पाच मिनिटांचं काम. चौकोनी भोकातून आरपार जाईल एवढाच तो असला पाहिजे, 13 चा झाला तर कडेला अडेल आणि परत चार आण्याचीच गोष्ट. लेथ जवळ नसेल तर जुन्या क्रँक बोल्टचं डोकं हॅक्सॉनं कापा, कापलेल्या तोंडावर स्क्रूड्रायव्हरसाठी खाच पाडा, तो एक्सलमध्ये फिरवून आत बसवा आणि पुलरचा स्क्रू त्याच्यावर टेकवा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा 8 मिलीमीटरचा बोल्ट बहुतेक वेळा जाणार नाही, त्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.25 मिलीमीटर असतो आणि या एक्सलचा सहसा 1. जबरदस्तीनं घुसवलात तर एक्सलचेही आटे जातील.

राहता राहिली टोपी. पुलर घेतला त्या दिवशीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, त्यात ती स्वच्छ दिसते. दादाला दाखवला तर म्हणतो, हा दुसरा पुलर असेल. आमच्या घरात दुसरा पुलर कधी आलाच नाही! तुमच्याकडं असा फोटो असेल तर मित्राला दाखवा, आणि नसेल तर लेथवाल्याचे पैसे तरी त्याच्याकडून घ्या.

अरे हो, हे सगळं चौकोनी एक्सलचं झालं. बोल्ट काढल्यावर आत दातेरी गोल एक्सल आणि मोठं भोक दिसलं तर 11 ची टोपी त्या भोकात जाऊन बसेल, त्याला मोठं टोक लागतं. तुमचा कुठला ते तुम्ही लिहिलंच नाहीये.