समोरचा माणूस

बाय,

काल रात्री फोनवर तू विचारलंस आणि मी "सकाळी बोलू" म्हणून फोन ठेवून दिला. सकाळीही बोलवेना. म्हणून लिहितोय.

तुझं म्हणणं मला समजलं तसं मांडतो. पंचायत समितीसाठी समोरच्या पक्षातून दोघं इच्छुक आहेत. एक शांत, कागदपत्रं वाचणारा, पाण्याच्या प्रश्नावर चार वर्षं खपलेला. दुसरा प्रत्येक सभेत कुणाला तरी तालुक्याबाहेर हाकलायची भाषा करणारा. तुमच्या वरच्या मंडळींनी ठरवलंय की ह्या दुसऱ्याचे व्हिडिओ आपणच गावोगावच्या ग्रुपवर फिरवायचे, त्याचं नाव इतकं वाढवायचं की उमेदवारी त्यालाच मिळेल. मग निवडणूक आपल्या खिशात. मोबाइलचं काम तुझ्याकडे. आणि तू मला विचारतेस, "काका, विरोधक जितका कमजोर आणि जितका टोकाचा, तितकं आपल्याला बरंच ना?"

नाही गो. समोरचा माणूस नीट लागतो.

हे मी तुला सभ्यपणाचा धडा म्हणून सांगत नाही. तू कशासाठी ह्या कामात आलीस ते मला ठाऊक आहे, त्याबद्दल तुला चार शब्द ऐकवायची गरज नाही. मी नफ्यातोट्याचं बोलतोय. आपल्याच नफ्यातोट्याचं.

तू अमेरिकेचा दाखला दिलास. खरा आहे. २०२२ मध्ये तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाने रिपब्लिकनांच्या अंतर्गत निवडीत जहाल उमेदवारांना उचलून धरणाऱ्या जाहिराती दिल्या आणि ते जहाल उमेदवार नोव्हेंबरात पडले. डाव साधला. पण मिशिगनमध्ये ह्या डावात बळी कोणाचा गेला ते तू सांगितलं नाहीस. पीटर मायर नावाचा खासदार. ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या मोजक्या दहा जणांतला एक. डेमोक्रॅटांचं मत होतं की असा कणा असलेली माणसं समोर हवीत, आणि त्यांच्याच पैशाने त्याला पाडायला हातभार लागला. मिसुरीतलं आणखी आधीचं आहे. तिथल्या डेमोक्रॅटिक सिनेटर क्लेअर मकॅस्किल यांनी २०१२ मध्ये हाच खेळ केला, समोर टॉड एकिन आला आणि त्या सहज निवडून आल्या. सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, समोर जॉश हॉली आले आणि बाई पडल्या. माझ्या मते कारण सरळ आहे. पहिल्या वेळी मिळालेली बरीच मतं त्यांची नव्हतीच, ती समोरच्याच्या भीतीची होती. तशी मतं घरात मुक्कामाला राहत नाहीत.

आता माझं ऐक. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी सरपंच होतो तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीत नऊ जागा होत्या. सात आमच्या पॅनेलच्या, दोन समोरच्या. त्या दोघांतले एक निवृत्त गुरुजी. दर मासिक सभेत गुरुजी कीर्द मागायचे. बिलं बघायचे. गटाराचं काम किती मीटर झालं ते स्वतः टेप घेऊन मोजून यायचे. मला त्या माणसाचा उबग आला होता. सभा दोन-दोन तास लांबायची, ग्रामसेवक कावायचा, आणि वाटायचं, हा माणूस नसता तर किती काम झालं असतं!

त्यांच्या पॅनेलमध्ये एक तरुण पोरगा होता. सगळे चोर, देवळाचे मानकरी चोर, शाळेचे मास्तर चोर. मी त्याला मोठा केला. ग्रामसभेत त्याला आधी बोलायला द्यायचो. मुंबईला आमच्या वाडीच्या मंडळात गेलो की चाकरमान्यांना सांगायचो, आता विरोधात खरा दम आहे तो त्या पोरात, गुरुजी थकले. हळूहळू तसंच झालं. पुढच्या निवडणुकीला पॅनेल पोराने लावलं, गुरुजींनी अर्जच भरला नाही. आमच्या नऊच्या नऊ आल्या. गुलाल उधळताना मी पुढे होतो.

त्यानंतर काय झालं ते नीट वाच, कारण तुझ्या तालुक्यातही हेच होणार आहे. पहिलं म्हणजे भांडण संपलं नाही, ते आत आलं. समोर कुणी नाही म्हटल्यावर नऊ जणांत दोन गट पडले, वरची वाडी आणि खालची वाडी. पूर्वी गुरुजी कीर्द मागायचे ती हिशोबासाठी. आता आमचेच लोक मागायला लागले, पण एकमेकांना अडकवण्यासाठी. दुसरं, समोर वजनदार माणूस असताना मी स्वतः काम बघायला जायचो, कारण सभेत उत्तर द्यावं लागणार हे डोक्यात असायचं. ते जाणं सुटलं.

आणि तिसरं, खारबांध. आमच्या खाडीकडचं भातशेत त्या बांधावर तगून आहे. ओहोटीला उघाडीतून शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला ती मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. बांधाला खेकडे बिळं करतात, ती वेळेवर बुजवली नाहीत तर पाझर सुरू होतो. ते पोरगं एका ग्रामसभेत ओरडत होतं. त्याने अर्धा तास आरोप केले, निम्मे धडधडीत खोटे. माझ्या मुंबईच्या कुठल्याशा खोलीचा विषय काढला, जी माझ्याकडे कधी नव्हती. आणि त्यात मध्येच म्हणाला, "बांध पाझरता हा, जावन बघा!"

कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

गणपतीच्या आधीच्या अमावास्येला उधाण आलं, वर पाऊस होता, आणि उघाडीच्या बाजूने बांध फुटला. दोन वाड्यांचं पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. चाकरमानी बॅगा घेऊन गाडीतून उतरत होते आणि त्यांचे म्हातारे आईबाप शेताच्या मेरेवर उभे होते. त्या जमिनीतलं मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागले.

पोरगं खरं बोललं होतं. पण ते पोरगं बोललं म्हणूनच मला ते खरं वाटलं नाही. तेच वाक्य गुरुजींनी म्हटलं असतं तर मी त्याच संध्याकाळी बॅटरी घेऊन बांधावर गेलो असतो. माझा कान मीच कापून टाकला होता. समोरचा माणूस नीट लागतो तो ह्यासाठी, बाय. टोकाचा विरोधक खोटं बोलतो त्याने आपलं फारसं बिघडत नाही. तो खरं बोलतो तेव्हा आपण ऐकत नाही, तिथे आपलं घर बुडतं.

मी पैसे खाल्ले नव्हते. एक रुपया नाही, हे मी तुला आज पुन्हा सांगतो. त्याच पाच वर्षांत नळयोजना आली, खालच्या वाडीची पाखाडी बांधली, अंगणवाडीला छप्पर आलं. तालुक्याला खेपा मारून मी ती कामं आणली, जेवणखाण सोडून. गुरुजींच्या प्रश्नांनी ही कामं लांबली असती असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं, आणि कधी कधी अजून वाटतं. पण लोकांना नळ आठवत नाही, बांध आठवतो. त्यांचं चुकत नाही.

तू म्हणशील, गावची गोष्ट गावापुरती. मग मोठं बघ. ब्रिटनमध्ये १९८३ साली मजूर पक्ष इतका टोकाला गेला की त्याला २७.६ टक्के मतं आणि २०९ जागा मिळाल्या. पंतप्रधान थॅचरबाईंच्या हुजूर पक्षाला ३९७. समोर कुणी उरलं नाही. त्याच अमलात पुढे माणशी कर बसवला गेला, राजवाड्यातल्या माणसाला आणि खोलीतल्या भाडेकरूला सारखाच. स्वतःच्या पक्षातल्यांनी धोका सांगितला, तोही ऐकला गेला नाही. मार्च १९९० मध्ये लंडनमध्ये दंगल झाली आणि नोव्हेंबरात बाईंना पायउतार व्हावं लागलं. त्यांना विरोधी पक्षाने पाडलं नाही, त्यांच्याच पक्षाने घालवलं. पक्ष १९९२ ला पुन्हा जिंकला हे खरं आहे, पण तो नेता बदलल्यावर आणि त्या कराला मूठमाती द्यायचं ठरवल्यावर.

आपल्याकडे १९७१ ला इंदिराजींना ३५२ जागा मिळाल्या. चार वर्षांत आणीबाणी, आणि १९७७ ला त्या स्वतः रायबरेलीत पडल्या. १९८४ ला काँग्रेसला चारशेच्या वर जागा होत्या, १९८९ ला १९७. त्याच १९८४ ला भाजपचे दोन खासदार होते, पाच वर्षांत ते ८५ झाले. आजचा कमजोर उद्याही कमजोर राहील, ह्या भरवशावर कुणी राजकारण करू नये.

आणि ह्या दोन्ही लाटांत आपल्या तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने काय केलं, हे तुला कुणी सांगितलंय का? १९७१ ला आणि १९८४ ला, दोन्ही वेळा, मधू दंडवत्यांना निवडून दिलं. त्यांच्या आधी १९५७ पासून तीनदा बॅरिस्टर नाथ पै. ह्यातली बहुतेक वर्षं समोरच्या बाकावर बसणारी माणसं आम्ही पाठवली, आणि ते बोलायला उभे राहिले की सरकारी बाकावरचे लोकही ऐकायचे. आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. बाहेर आले आणि १९७७ च्या निवडणुकीनंतर लगेच रेल्वेमंत्री झाले नाहीत तर काय! उत्तर देण्याची तयारी ज्याने विरोधात बसून केलेली असते, त्याला खातं सांभाळायला वेळ लागत नाही. कोकणाला हे कळत होतं. तुमच्या पिढीला हे कसं कळणार? २०२४ च्या निकालानंतर २८८ जणांच्या विधानसभेत विरोधातल्या एकाही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेने धरल्या जाणाऱ्या एक-दशांश, म्हणजे २९ जागा नव्हत्या, सर्वांत मोठ्याला वीस. तुम्ही समोरचं बाक भरलेलं पाहिलंच नाही, म्हणून ते रिकामं असणं तुम्हाला विजय वाटतो.

जत्रेत दशावतार बघतेस ना? लिहिलेले संवाद नसतात. समोरचा जे टाकेल त्यावर उत्तर रचायचं. राक्षसाचं काम करणारा नुसता आरडाओरडा करणारा निघाला की चांगल्या राजाचंही तोंड आटतं आणि पहाटेपर्यंत मांडावर कुणी थांबत नाही. समोरचा माणूस नीट लागतो.

मग तू काय करायचंस? ते व्हिडिओ पाठवू नकोस. त्या शांत माणसाला तू मत देऊ नकोस, त्याची बाजूही घेऊ नकोस. त्याला हरव. पाण्यावर त्याचं काय चुकतंय ते शोध, त्याच्या समोर बसून त्याला विचार, तो काय विचारेल त्याची उत्तरं आत्ताच तयार कर. त्यात तुमच्या पक्षाची जी कामं उघडी पडतील ती मतदानाआधी दुरुस्त होतील, हाच तर फायदा. वरची मंडळी रागावतील. मोबाइलचं काम काढून घेतील. घेऊ दे! तू सव्वीस वर्षांची आहेस, आणि "त्यांनी सांगितलं म्हणून केलं" हे वाक्य माझ्या वयाला आल्यावर किती जड होतं ते मला विचार.

पोरगं आता मुंबईला असतं. गणपतीला येतं, माझ्याशी बोलत नाही. गुरुजींच्या खळ्यात मी बांध फुटल्यानंतर पाऊल टाकलं नाही. ते गेले तेव्हा स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा होतो. त्यांच्या मुलाने मला पाहिलं आणि लाकूड द्यायला पुढे बोलावलं. मी गेलो.

तुझं काय ठरतंय ते कळव. व्हिडिओ पाठवायचं ठरलं असलं तरी कळव, मी फोन ठेवून देणार नाही. रात्री आठनंतर कर, तेव्हा पडवीत रेंज येते.

तुझा
काका