तोड घटली, मग आगी का वाढल्या?

प्रश्न : २०२४मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनमधली जंगलतोड घटल्याचं वाचलं. त्याच वर्षी तिथले उपग्रह-नकाशे मात्र आगीच्या लाल ठिपक्यांनी भरलेले होते. खरं काय मानायचं?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : दोन्ही खरं. ब्राझीलची ‘इन्पे’ ही अंतराळ संशोधन संस्था तोड आणि आग वेगवेगळी मोजते. तोडीचा वार्षिक हिशेब १९८८पासून लँडसॅटसारख्या उपग्रहांच्या चित्रांवरून होतो. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या वर्षात तो सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर निघाला. २००४मध्ये तो २७,०००च्या वर होता. ही घट मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

ठिपक्याचं गणित निराळं. भोवतालापेक्षा तापलेला जमिनीचा चौकोन उपग्रह अवरक्त (उष्णतेच्या) किरणांत हेरतो; तोच नकाशावर ठिपका होतो. ‘मोडिस’ संवेदकाचा चौकोन एक किलोमीटरचा, नंतरच्या ‘व्हीयर्स’चा ३७५ मीटरचा. बारीक नजरेच्या उपग्रहाला ठिपके जास्त सापडणारच! म्हणून इन्पे वर्षांची तुलना २००२पासून मोडिस असलेल्या ‘ॲक्वा’ या एकाच उपग्रहाच्या दुपारच्या फेरीवरून करत आली. दूरसंवेदन शिकवताना मी विद्यार्थ्यांना पहिलं हेच विचारायचे, आकडा कुठल्या उपग्रहाचा?

मला खरी काळजी वाटते ती ठिपक्यांतून निसटणाऱ्या आगींची. ॲमेझॉनचं ओलं जंगल सहसा आपणहून पेटत नाही; कुरणासाठी माणसानं लावलेली आग त्यात शिरते. २०२३ आणि २०२४च्या दुष्काळात ॲमेझॉनमधल्या मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदीनं नीचांक गाठला, जंगलातला पाचोळा वाळून कुरकुरीत झाला. अशा आगीच्या ज्वाळा बऱ्याचदा गुडघ्याएवढ्याच. पाचोळ्यातून त्या हळूहळू सरकतात आणि वरच्या दाट पानोळ्यामुळे उपग्रहाला धड दिसत नाहीत. झाडं लगेच पडत नाहीत, पण त्यांची साल पातळ असते, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत त्यांतली कितीतरी मरतात. सरसकट तोडीच्या आकड्यात हे जंगल त्या वर्षी येतच नाही. ‘तोड घटली’ एवढ्या बातमीवर समाधान मानणं मला म्हणूनच पटत नाही.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर नासाचा ‘फर्म्स’ नकाशा उघडा, एकच उपग्रह निवडा आणि ऑगस्ट-सप्टेंबरचे ठिपके वर्षागणिक ताडून पाहा. जोडीला जळालेल्या क्षेत्राचा नकाशाही घ्या. तो आगीआधीची आणि नंतरची जमीन ताडून बनवतात.