लेकीचं कॉन्व्होकेशन, स्काय बेटाची ड्राइव्ह आणि चार लाखांची एफडी

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. लेक ग्लासगोला मास्टर्स करतेय, सप्टेंबरात संपेल, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉन्व्होकेशन, दोघं नवरा-बायको जाणार. मिस्टर ५६ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीत नोकरी, हातात १ लाख १० हजार येतात, घरखर्च ६५ हजार, दोन वर्षांनी रिटायर. "एवढं लांब जातोयच तर" म्हणून कॉन्व्होकेशन झाल्यावर तिथे गाडी भाड्याने घेऊन तिघांनी पाच दिवस स्कॉटलंडच्या स्काय बेटावर फिरायचं ठरतंय, गाडी मिस्टर चालवणार. एजंटने सगळं मिळून ५ लाख ९० हजारांचं पॅकेज दिलंय आणि बारा हप्त्यांत फेडा म्हणतोय. ४ लाखांची एफडी ऑक्टोबरात मॅच्युअर होतेय, दुसरी ५ लाखांची अडीअडचणीला ठेवलीय. लेकीच्या एज्युकेशन लोनचे व्याजासकट २२ लाख बाकी, हप्ता मार्चपासून, नोकरी अजून लागलेली नाही. मिस्टर म्हणतात दोन्ही एफडी मोडू, ताई म्हणतात कर्ज काढू पण एफडीला हात नको. कोणाचं ऐकायचं?

ताई, खरं सांगू का, दोघांचंही नको. आधी कर्जाचं बघू कारण ते सगळ्यात सोपं आहे.

५ लाख ९० हजार, १४ टक्के, बारा महिने. हप्ता बसतो ५३ हजारांच्या आसपास. तुमच्याकडे महिन्याला खर्च जाऊन उरतात ४५. म्हणजे पहिल्याच महिन्यात ८ हजार कमी पडणार, आणि मार्चमध्ये लेकीच्या लोनचा हप्ता चालू झाला (२२ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर २९ हजार ७०० वगैरे) की दोन्ही मिळून ८३ हजार. मग काय करणार, ती ५ लाखांची एफडी मोडणार, म्हणजे जिला हात लावायचा नाही म्हणून कर्ज काढलं तिलाच हात लागणार आणि वर ४५ हजार व्याज गेलं ते वेगळं. एजंट "नो कॉस्ट ईएमआय" म्हणत असेल तर त्याला एकरकमी दिले तर किती घेशील एवढं विचारा, जो आकडा खाली येईल तेच व्याज. आणखी एक, व्हिसाच्या अर्जाला बँक स्टेटमेंट लागतं, त्यात अर्ज करायच्या आधी अचानक कर्जाची मोठी रक्कम आलेली दिसली तर ते काही चांगलं दिसत नाही.

मिस्टरांचं म्हणणं कर्जापेक्षा बरं, पण ती दुसरी एफडी कशाला मोडायची? मार्चनंतर तुमचा महिना ९५ हजारांचा होणार, त्या हिशोबाने ५ लाख म्हणजे पाच महिन्यांची सोय. दोन वर्षांत पगार थांबणार आणि लेकीची नोकरी अजून हवेत आहे, अशा घराला पाच महिने हेसुद्धा मी कमीच म्हणेन.

आता पॅकेजच्या आत काय आहे ते उघडून बघितलं. मी पौंड १२० रुपये धरून स्वतः बुक केलं तर किती लागतील ते मांडलं. दोघांची जाऊन-येऊन तिकिटं दीड लाख (मुंबईहून ग्लासगोला डायरेक्ट फ्लाइट नाही, लंडन नाहीतर दुबई वगैरे करून जावं लागतं), व्हिसा सेंटरच्या चार्जेससकट ३५ हजार, ट्रॅव्हल इन्शुरन्स ६ हजार, ग्लासगोत सहा रात्री साध्या हॉटेलात ६१ हजार, जेवण आणि बस-ट्रेन ४३ हजार, आणि लेकीचा भाड्याचा गाऊन, फोटो, तुमचे जाड जॅकेट-बूट याला २५. झाले ३ लाख २० हजार. स्कायचे पाच दिवस वेगळे काढले तर गाडी आणि तिचा जादा इन्शुरन्स ३६ हजार, पेट्रोल ११, तिघांच्या चार रात्री ६७, जेवण ४८, पार्किंग आणि किरकोळ १२, मिळून पावणेदोन लाख. दोन्ही धरून ५ लाखांच्या आत. एजंटचे ९० हजार वरचे. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस (आगाऊ कापून घेतलेला इन्कम टॅक्स) कापतात, स्वतः तिकीट-हॉटेल बुक करून फॉरेक्स कार्डवर (आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड) पैसे भरले तर वर्षाला माणशी १० लाखांपर्यंत तो लागत नाही. फक्त तुम्ही खात्यातून लेकीला राहण्याखाण्याचे पैसे पाठवत असाल तर तेही त्याच १० लाखांत मोजले जातात, ते बघून घ्या. टीसीएस काही बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

म्हणजे ऑक्टोबरची ४ लाखांची एफडी आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर तीन महिन्यांची शिल्लक १ लाख ३५ हजार, एवढ्यात स्कायसकट सगळं बसतं. कर्ज नको, दुसरी एफडी नको. इथेच थांबून "जा, मजा करा" म्हणायला हरकत नव्हती. पण मला पावणेदोन लाखांचं काय मिळतंय ते बघायचंय, कारण पावणेदोन लाख म्हणजे लेकीच्या लोनचे जवळजवळ सहा हप्ते.

स्काय जागा भारी आहे यात वाद नाही. ग्लासगोहून निघालं की लॉक लोमंडच्या काठाने, ग्लेन्कोच्या डोंगरांमधून फोर्ट विल्यम, पुढे एलन डोनन किल्ला, मग स्काय ब्रिज (१९९५ साली झाला, टोलवरून लोकांनी खूप भांडण केलं, २००४ च्या शेवटी टोल बंद झाला, आता फुकट, आपल्याकडच्या टोलवाल्यांना दाखवायला पाहिजे) आणि पोर्ट्री गाव. साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण नकाशा म्हणतो त्यापेक्षा वेळ जास्त जातो कारण रस्ते अरुंद आणि दर वळणाला थांबावंसं वाटतं. ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका, क्विरांगच्या कडा, फेअरी पूल्स, नीस्ट पॉइंटचा दीपस्तंभ, बघायला तिकीट जवळपास कशालाच नाही, पार्किंगचे पैसे तेवढे.

पण डिसेंबरात तिथे सकाळी पावणेनऊ-नऊला उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. सात तासांपेक्षा कमी उजेड. पाच दिवसांतला एक जायला, एक यायला, राहिले तीन, त्यात पाऊस आणि ढग, म्हणजे तीन दिवसांत हातात किती तास येतील बघा. डनव्हेगन किल्ला हिवाळ्यात बंद असतो, छोटे होमस्टेवाले बरेचसे सीझन संपला की कुलूप लावतात, अलीकडच्या किनाऱ्यावरच्या मालेगहून स्कायवरच्या आर्माडेलला जाणारी फेरी वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते. आणि रस्ता. आतले बरेच रस्ते एका गाडीपुरते, मध्ये मध्ये रस्ता थोडा फुगवून जागा केलेली असते, समोरून गाडी आली की जो जवळ असेल त्याने तिथे थांबायचं. दिवसा, कोरड्या रस्त्यावर याची सवय होते, आणि तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात त्यामुळे मिस्टरांना जड जाणार नाही. पण चार वाजता अंधार, रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर, आणि मागे लोकल माणूस घाईत. मिस्टरांनी माळशेज पावसात चालवलाय असं तुम्ही लिहिलंय, ते ठीक आहे, पण माळशेजमध्ये टायरखाली काच नसते.

गाडीच्या काउंटरवर काय होतं तेही सांगतो कारण पॅकेजवाला हे सांगत नाही. इन्शुरन्स भाड्यात धरलेला असतो, पण नुकसान झालं तर पहिले हजार-दीड हजार पौंड आपले, त्याला एक्सेस म्हणतात. तेवढी रक्कम ते मेन ड्रायव्हरच्या नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. दीड हजार पौंड म्हणजे १ लाख ८० हजार. मिस्टरांच्या कार्डचं लिमिट तुम्ही १ लाख लिहिलंय. कार्ड चाललं नाही की समोरचा माणूस गोड बोलून रोजचे २०-२५ पौंडांचं फुल कव्हर गळ्यात मारतो, आणि त्यातसुद्धा टायर, काच, गाडीखालचा भाग आहे का हे वाचायला मागे लाइन लागलेली असताना कोणाला वेळ असतो? लेकीला चालवायला द्यायचं म्हटलं तर ती २४ ची, पंचविशीच्या आतल्यांना जादा पैसे. ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअलपेक्षा महाग. आपलं लायसन्स तिथे बारा महिने चालतं, तरी काही कंपन्या इंटरनॅशनल परमिट मागतात, ते आरटीओतून हजार रुपयांत होतं, ते मात्र काढून ठेवा कधीही गेलात तरी.

आता तुम्ही म्हणाल, तिकिटाचे दीड लाख आणि व्हिसाचे ३५ हजार तर जाणारच आहेत, नंतर फक्त स्कायसाठी परत गेलो तर ते पुन्हा लागतील, मग आत्ताच का नको? हा मुद्दा बरोबर आहे, आणि ट्रिपमध्ये लोक सगळ्यात जास्त पैसे याच मुद्द्यावर घालवतात. जाण्याचा खर्च झालाय म्हणून पुढचा प्रत्येक रुपया स्वस्त वाटतो. पण तुमच्या बाबतीत एक तिसरी वाट आहे आणि ती कोणी विचारलेलीच दिसत नाही: काही युनिव्हर्सिट्या डिसेंबरऐवजी पुढच्या उन्हाळ्यातल्या समारंभात नाव घालू देतात. लेकीला सांगा आजच मेल टाक. डिग्री वेळेवर मिळते, फक्त स्टेजवर जाणं पुढे ढकललं जातं, नोकरीला अर्ज करताना काही अडत नाही, तरी मेलमध्ये हेही विचारून घ्यायला सांगा.

हो म्हणाले तर माझं मत स्पष्ट आहे, जूनमध्ये जा. एकच तिकीट, एकच व्हिसा. रात्री दहापर्यंत उजेड, फेरी पूर्ण टाइमटेबलवर, किल्ले उघडे. तोटे पण आहेत, उन्हाळ्यात स्कायवर खोल्या डिसेंबरपेक्षा बऱ्याच महाग आणि कित्येक महिने आधी बुक कराव्या लागतात, आणि मिजेस नावाचे बारीक चावरे किडे जूनपासून जीव खातात, थव्याने येतात, वारा पडला की संपलंच. मी एकूण बजेट ६ लाख धरेन. ४ लाखांची एफडी ऑक्टोबरात आठ महिन्यांसाठी रिन्यू करा. सप्टेंबर ते फेब्रुवारी महिन्याला ४५ प्रमाणे २ लाख ७० हजार, मार्चपासून हप्ता गेल्यावर १५ प्रमाणे ६० हजार. म्हणजे जूनला ७ लाखांच्या वर असतील आणि ५ लाखांची एफडी जागच्या जागी. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट, तोवर लेकीच्या नोकरीचं काय झालं ते कळलेलं असेल. एप्रिलपर्यंत नोकरी लागली नाही तर स्काय कापायचं, फक्त समारंभाला जायचं. म्हणून खोल्या कॅन्सल करता येतील अशाच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

नाही म्हणाले तर डिसेंबरात जा, जरूर जा, लेकीच्या त्या दिवसाला तुम्ही नसणं हे कुठल्याही हिशोबात बसत नाही. पण स्काय नको, गाडी नको. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून फोर्ट विल्यमची ट्रेन आहे, पावणेचार तास, रॅनक मूरच्या ओसाड माळावरून जाते, खिडकीत बसून बघा, मिस्टरांनाही बघायला मिळेल, नाहीतर त्यांचं अख्खं लक्ष रस्त्यावर. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी त्याच लाइनने पुढे मालेगपर्यंत जाता येतं, तिथून समोर पाण्यापलीकडे स्काय दिसतं. तिघांचं ३० हजारांत होईल. एकूण साडेतीन लाख, ४ लाखांच्या एफडीत बसलं, आणि तीन महिन्यांची शिल्लक लेकीच्या हप्त्यांसाठी बाजूला.

दोन वर्षांचा व्हिसा घेऊन ठेवू का, परत जायला उपयोगी पडेल, असंही विचारलंय तुम्ही. नको. त्याची फी सहा महिन्यांच्या व्हिसाच्या जवळपास पावणेचार पट आहे, दोनदा गेलात तरी सहा महिन्यांचा दोनदा काढणं स्वस्त. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे मेलचं उत्तर येईपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही, पण नॉन-रिफंडेबल तिकीट तोवर काढू नका, एजंट कितीही "आज रेट आहे" म्हणाला तरी.

तिथे कार्ड मशिनवर "रुपयांत भरायचं का पौंडांत" असं विचारतात, दर वेळी पौंड निवडा, रुपये निवडले की रेट त्यांचा. आपलं साधं क्रेडिट कार्ड वापरलंत तर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी, म्हणून फॉरेक्स कार्ड, आणि क्रेडिट कार्ड फक्त हॉटेलच्या डिपॉझिटला. कार्डवर इंटरनॅशनल वापर ॲपमधून चालू करावा लागतो तो इथूनच करून जा. आणि मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे ना, ती ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या फॉर्मवर लिहा, प्रीमियम थोडा वाढेल, लपवलंत तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील. युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं की कळवा, त्याप्रमाणे एफडी किती महिन्यांसाठी रिन्यू करायची ते बघू.