सरकारी मनोरुग्णालयातल्या रुग्णांच्या हालांबद्दल कायद्याने काही करता येतं का?

तुमचा धाकटा भाऊ सरकारी मनोरुग्णालयात आहे. अंगावर खरूज, डोक्यावरचे केस न विचारता भादरलेले, आणि तक्रार केली तर राग त्याच्यावरच निघेल ही धास्ती. अशा वेळी कायद्याचा खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. होतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील म्हणून मी अशा वॉर्डांत जाते, त्यावरून सांगते.

2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा इथे अजिबात मोघम नाही. कलम 20 एकदा स्वतः वाचा. सक्तीने मुंडण नाही, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची जबरदस्ती नाही, स्वच्छ जागा, सकस जेवण, बायकांना पाळीच्या वेळचं साहित्य, काम करून घेतलं तर त्याचा मोबदला. साखळीने बांधायला कलम 95ने सरळ बंदी आहे. एखाद्याला आवरून धरावंच लागलं तर मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते, केसपेपरवर नोंद लागते आणि 24 तासांत त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवावं लागतं. भावाने कुणाला नेमलं नसेल तर सहसा नातेवाईक म्हणून ती भूमिका तुमच्याकडे येते.

तक्रार मात्र नेमकी हवी. ‘रुग्णांचे हाल होतात’ असं लिहिलं की ‘आरोप निराधार आहेत’ असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. एका वॉर्डात एक गृहस्थ दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. फाइलमध्ये ‘प्रतिसाद देत नाही’ असा शेरा होता. शेजारी बसून बोलले तेव्हा कळलं की दाखल करताना चष्मा काढून घेतला होता, तो परत मिळालाच नाही. त्यांना समोरचा माणूसच नीट दिसत नव्हता. तारीख, वॉर्ड आणि ‘चष्मा परत द्यावा’ एवढंच लिहून दिलं. तो मिळाला, आणि पुढच्या भेटीत ते पेपर वाचत होते.

असंच एकेक लिहा: कोणत्या तारखेला काय पाहिलं, खरजेचं औषध कधी मागितलं, काय उत्तर मिळालं. अर्ज वैद्यकीय अधीक्षकांकडे द्या, पोच म्हणून आवक शिक्का घ्या. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जा. फी नाही. मंडळ रुग्णालयाची तपासणी करू शकतं, आणि त्याच्या निर्णयावर 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. मनोरुग्णालयात असलेल्या माणसाचा तो हक्क आहे. राग निघण्याची तुमची भीती खोटी नाही. पण तोंडी कुरबुर करणाऱ्यापेक्षा ज्याच्या अर्जाची प्रत मंडळाकडे आणि प्राधिकरणाकडे गेली आहे, त्याच्या रुग्णाला हात लावताना माणूस विचार करतो.

अख्ख्या रुग्णालयाचा प्रश्न असेल, म्हणजे पदं रिकामी, पाणी नाही, गाद्या नाहीत, तर जनहित याचिका. रांचीजवळच्या कांके इथल्या मानसिक आरोग्यशाळेबद्दल 1980च्या दशकात पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात प्रकरण उभं राहिलं. न्यायालयाने रुग्णामागे रोजचा आहारखर्च किमान 10 रुपये करायला लावला, गाद्या, ब्लँकेटं, पिण्याचं पाणी इथपर्यंत आदेश दिले. 1997मध्ये रांची, आग्रा आणि ग्वाल्हेरवरची देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवली. अशा खटल्यांना वर्षं लागतात, म्हणून भावाचा अर्ज त्यासाठी थांबवू नका.

माझ्या मते सगळ्यांत मोठा अन्याय वेगळाच आहे: बरं झालेल्या माणसाला आतच ठेवणं. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयासमोर हेच आलं. महाराष्ट्रातल्या मनोरुग्णालयांत दहा-दहा वर्षं काढलेली आणि घरी जाण्याजोगी माणसं होती. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्या कारणाने कुणालाही आत ठेवता येणार नाही, असं कलम 19 म्हणतं. त्यांची सोय सरकारने समाजात करायची आहे. आणि ती सोय म्हणजे भिक्षेकरीगृह नव्हे. रुग्णांना तिथे हलवण्यावरून 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सुनावलं होतं.

तेव्हा खरजेच्या अर्जासोबत दुसराही अर्ज द्या. भावाच्या सध्याच्या प्रकृतीबद्दल डॉक्टरांचं लेखी मत आणि केसपेपरच्या प्रती मागा. घरी सोडता येईल असं त्यात असेल, तर मंडळाकडे पहिली मागणी डिस्चार्जची करा.