वाचकांचे प्रश्न : दोन वर्षे परमुलखात

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत, युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीला, पाच महिने राहून आले. शेजारच्या अठरा वर्षांच्या मुलाला त्यांच्या चर्चतर्फे धर्मप्रचारासाठी दोन वर्षे जपानला जायचे आहे, असे पत्र आले आणि ते सगळ्यांसमक्ष वाचले गेले. त्या वेळी आम्हांलाही बोलावले होते. त्याची आई एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. इतका कोवळा मुलगा तिकडे दिवसभर काय करणार, खर्च कोण करणार, आईशी त्याचे बोलणे तरी होणार का, हे विचारायचा मला संकोच वाटला. आपण सांगाल का? शिवाय अशी मुले मुलीच्या दाराशीही येतात. त्यांच्याशी कसे वागावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले शेजारी ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे असावेत. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या आणि पुढे युटात स्थिरावलेल्या या पंथाला बाहेरचे लोक मॉर्मन म्हणतात, पण ते नाव वापरू नये अशी विनंती चर्चने २०१८ मध्ये केली आहे. मी युटातल्याच प्रोव्हो या गावी आठ वर्षे राहिले. तिथे माझ्यासोबत काम करणाऱ्या तरुणांपैकी निम्मेअधिक अशी सेवा करून परतलेले असत. पुढचे बरेचसे त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे.

मुलगे २४ महिन्यांसाठी जातात आणि मुली १८ महिन्यांसाठी. मुलग्यांची किमान वयाची अट पूर्वी १९ वर्षे होती, ती २०१२ मध्ये १८ वर आली. कोणत्या देशात जायचे हे मुलगा ठरवत नाही, ते चर्च ठरवते. म्हणूनच पत्र वाचताना घर श्वास रोखून असते. पगार नसतो. उलट अमेरिकेतल्या कुटुंबाला दरमहा ५०० डॉलर भरावे लागतात (२०२० च्या मध्यापर्यंत ही रक्कम ४०० होती), मग मुलगा महागड्या टोक्योत असो की एखाद्या स्वस्त देशात. त्यासाठी कित्येक मुले शाळेत असल्यापासून सुट्ट्यांत कामे करून पैसे साठवतात.

नवी भाषा शिकायची असेल, तर आधी काही आठवडे प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात भाषेची शिकवणी होते. हल्ली तिची सुरुवात घरूनच ऑनलाइन होते. तेवढ्या आठवड्यांत जपानी भाषा किती येणार? प्रार्थना करता येते आणि स्वतःची ओळख सांगता येते, पण भाजीवाल्याचे बोलणे कळत नाही, असे सगळेच सांगत. जपानमध्ये या पंथाने प्रचाराला १९०१ मध्येच सुरुवात केली, तरीही तिथे बहुतेक दारे नम्रपणे, वाकून नमस्कार करून, बंदच होतात.

दिनक्रम साधारण असा असतो, की सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम करायचा, मग धर्मग्रंथ आणि भाषेचा अभ्यास करून दहाच्या सुमारास सायकलवर बाहेर पडायचे, रात्री नऊच्या आसपास परतायचे आणि साडेदहाला दिवा मालवायचा. अंगात पांढरा सदरा, खिशावर नावाची काळी पट्टी. चित्रपट नाहीत, मैत्रिणीसोबत फिरणे नाही. जपानमध्ये ही मुले लोकांना इंग्रजी संभाषणाचे वर्ग विनामूल्य घेऊन देतात, आणि ओळखी बहुधा तिथूनच वाढतात.

परंतु या आयुष्यात सर्वांत कठीण काय, असे मी ज्याला ज्याला विचारले, त्याने बंद दारांचे नाव घेतले नाही. प्रत्येकाने जोडीदाराचेच नाव घेतले. ही मुले कायम दोघे-दोघे राहतात. एकाच खोलीत झोपणे, एकत्र जेवणे, एकत्र बाहेर पडणे, एकट्याने कुठेही जायचे नाही. जोडीदार निवडता येत नाही आणि साधारण सहा-सहा आठवड्यांनी होणाऱ्या बदल्यांपर्यंत तो बदलतही नाही. अठराव्या वर्षी, ज्याने घरी कधी ताटही विसळलेले नाही अशा मुलासाठी ही खरी परीक्षा असते. माझ्या एका तरुण सहकाऱ्याची आणि त्याच्या जपानी जोडीदाराची मोरीत साचलेल्या भांड्यांवरून अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती. पुढे हा तापाने फणफणला, तेव्हा त्याच जोडीदाराने तांदळाची मऊ पेज करून वर आंबट उमेबोशी (तिकडचे खारवलेले फळ) ठेवून दिली आणि रात्रभर उशाशी बसून राहिला. आजाऱ्याला पेज तिथेही देतात, हे ऐकून मला माझी आजी आठवली. सांगताना त्या मुलाचा आवाज बदलला होता; प्रवचनांविषयी बोलताना तो तसा कधीच बदलत नसे.

आठवड्यात एक दिवस, बहुधा सोमवारी, तयारीचा दिवस असतो. त्या दिवशी कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे आणि घरी पत्र. घामाने पिवळी पडलेली सदऱ्याची कॉलर जुन्या टूथब्रशने साबण लावून कशी घासायची, हे त्या सहकाऱ्याने मला एकदा बेसिनपाशी उभे राहून करून दाखवले होते. स्वयंपाक ही मुले स्वतःच करतात, परंतु स्थानिक चर्चमधली कुटुंबे आळीपाळीने त्यांना जेवायलाही बोलावतात. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी पुण्यात वार लावून जेवत, त्याचीच आठवण यावी अशी ही रीत आहे.

आता आईविषयी. पूर्वी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, फोन करता येई. फेब्रुवारी २०१९ पासून मात्र दर आठवड्याला तयारीच्या दिवशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येते. आपल्या शेजारणीला हे ठाऊक असणारच, तरी आपण विचारलेत तर तिला बरेच वाटेल.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे जो मुलगा मुदतीआधी परततो, त्याच्याकडे काही लोक अपयशी म्हणून पाहतात. अशी दोन मुले मी जवळून पाहिली, आणि त्यांना झालेला त्रास परदेशातल्या कष्टांपेक्षा मोठा होता. शेजारचा मुलगा लवकर परतला, तर कृपया ‘का आलास’ असे विचारू नका.

दाराशी येणाऱ्या मुलांचे म्हणाल, तर धर्मांतराचा प्रचार मला स्वतःला पटत नाही आणि मी त्यांना पहिल्याच भेटीत तसे स्पष्ट सांगत असे. त्याने ती दुखावत नाहीत. आडपडद्याने आशा लावून ठेवली, तर त्यांचा वेळ मात्र फुकट जातो. त्यांना चहा-कॉफी वर्ज्य असते, तेव्हा चहाचे आधण ठेवू नका. उन्हातून आलेली असतील, तर गार पाणी किंवा कोकम सरबत द्या.