एल्डोरेटची नोकरी आणि 2027 चा ऑगस्ट

मंदार, नमस्कार.

तुमचा प्रश्न असा: केनियातल्या एल्डोरेटच्या कापड गिरणीत प्रॉडक्शन मॅनेजरची नोकरी चालून आली आहे, जून 2027 मध्ये रुजू व्हायला सांगतायत, बायको-मुलगी सोबत येणार. आणि नाशिकला घरचे म्हणतात, "तिकडे इदी अमीनने सगळ्या भारतीयांना हाकललं होतं, जाऊ नकोस." पगार, घर, गाडी हे तुम्ही कंपनीशी बोलालच. मी फक्त राजकारणाबद्दल लिहितो, कारण ऑगस्ट 2027 मध्ये इथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि एल्डोरेटला ते विसरून चालत नाही.

घरच्यांना आधी सांगा की इदी अमीन युगांडाचा, 1972 चा. केनियाने भारतीयांना असं कधी हाकललं नाही. त्रास दिला, तोही कायद्याने. 12 डिसेंबर 1963 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नागरिकत्व घ्यायला दोन वर्षांची मुदत होती. पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. मग 1967 मध्ये वर्क परमिट आणि व्यापार परवान्याचे कायदे आले, दुकानं चालवणं अवघड झालं आणि लंडनच्या विमानांना गर्दी लोटली. ब्रिटनने 1968 मध्ये घाईघाईने कायदा करून आपलंही दार ओढून घेतलं. खरी दहशत बसली ती 1 ऑगस्ट 1982 ला. हवाई दलातल्या शिपायांनी बंड केलं. ते लगेच मोडलं, पण तेवढ्यात नैरोबीतली भारतीयांची दुकानं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. नैरोबीच्या पार्कलँड्स भागातली जुनी गुजराती माणसं आजही हा विषय निघाला की आवाज खाली आणतात. 2017 मध्ये सरकारने इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. तरी रस्त्यावर आपण 'मुहिंदी'च, म्हणजे स्वाहिलीत 'भारतीय'.

आपली माणसं फक्त गल्ल्यावर बसली असंही नाही. औंधचे अप्पासाहेब पंत 1948 पासून नैरोबीत भारताचे प्रतिनिधी होते. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून द्यायचे आणि इथल्या पुढाऱ्यांशी उघड मैत्री ठेवायचे, त्यामुळे गोऱ्या सरकारच्या डोळ्यांत सलत. मूळचे गोव्याचे पियो गामा पिंटो स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, खासदार झाले आणि फेब्रुवारी 1965 मध्ये घराच्या फाटकाशी गोळ्या घालून मारले गेले. स्वतंत्र केनियातला तो पहिला राजकीय खून. पुढच्याच वर्षी उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या जोसेफ मुरुंबींचे वडील गोव्याचे, आई मसाई. तुमच्या गिरणीतल्या एखाद्या वयस्क कामगाराला पिंटोंचं नाव विचारून बघा, ओळख लवकर होईल.

आता एल्डोरेट. इथलं सगळं राजकारण जमिनीपाशी येऊन थांबतं. ब्रिटिशांनी रिफ्ट व्हॅलीतली, म्हणजे एल्डोरेट ज्या भागात येतं तिथली, सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना दिली होती. ते जाऊ लागले तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या काळात त्यातली बरीच किकुयू जमातीच्या लोकांनी विकत घेतली, कंपन्या-सोसायट्या करून. केन्याटा स्वतः किकुयू. आसपासचे कॅलेंजिन जमातीचे लोक म्हणत राहिले की ही आमच्या वाडवडिलांची जमीन. 1978 मध्ये केन्याटा गेले आणि कॅलेंजिन असलेले डॅनियल अराप मोई आले. ते चोवीस वर्षं राहिले, त्यातली जवळजवळ दहा कायद्यानेच एकपक्षीय. 1991 अखेर बहुपक्षीय निवडणुकांना परवानगी द्यावी लागली आणि त्याच सुमारास याच भागात किकुयूंची घरं जळायला लागली. मतपेटी आली आणि जमिनीचं भांडण तिच्यात शिरलं, असं माझं मत.

सगळ्यात वाईट 2007 ची निवडणूक. मतदान 27 डिसेंबरला झालं, मोजणीवर कोणाचा विश्वास बसेना, तरी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, किकुयू असलेले म्वाई किबाकी यांचा पुन्हा शपथविधी संध्याकाळी घाईने उरकला. देशभरात अकराशेहून जास्त माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली. 1 जानेवारी 2008 ला तुमच्या एल्डोरेटजवळच, कियांबा इथे, चर्चमध्ये आसरा घेतलेल्या किकुयू बायकामुलांना आत कोंडून आग लावली. नैरोबीला जाणाऱ्या रस्त्यावर जमाव गाड्या अडवून ओळखपत्रं बघत होते. भारतीयांवर रोख नव्हता, पण किसुमू शहरात आपल्या लोकांची दुकानं लुटीत गेलीच.

मग 2013 पासून एल्डोरेट शांत का राहिलं? जोमोंचा मुलगा, किकुयू उहुरू केन्याटा आणि कॅलेंजिन विल्यम रुटो एकाच बाजूला आले, आणि उहुरू राष्ट्राध्यक्ष झाले. दोघांवरही 2008 च्या हिंसाचाराबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटले होते, जे पुढे टिकले नाहीत. मैत्री सोयीची होती, पण गावं जळायची थांबली. 2022 मध्ये उहुरू बाजूला झाले, पण किकुयू मतं बहुतांशी रुटोंकडेच गेली. रुटो थोडक्यात जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले आणि उपराष्ट्राध्यक्ष किकुयू रिगाथी गाचागुआ झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये महाभियोग आणून गाचागुआंना काढलं, आणि ते तेव्हापासून रुटोंविरुद्ध बोलत फिरतायत. रुटो एल्डोरेटकडचेच. म्हणजे ज्या जोडीमुळे तुमचं गाव शांत होतं, ती फुटली आहे. नैरोबीतले बरेच भारतीय हे मनावर घेत नाहीत. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरी बाजूही आहे. जून 2024 मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण पोरं संसदेत घुसली, कित्येक जण पोलिसांच्या गोळ्यांनी गेले, आणि रुटोंना विधेयक मागे घ्यावं लागलं. त्या पोरांच्या घोषणांत जमात नव्हती. माझ्या हाताखालची विशीतली मुलं असल्या भांडणांना हसतात. मतदानाच्या दिवशी हसतील का, हे ऑगस्टमध्ये कळेल.

गिरणीत एक सांभाळा. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखतात तसं इथे नावावरून जमात कळते: किप-चेपने सुरू होणारी कॅलेंजिन, कामाऊ-वांजिकू किकुयू, ओटिएनो-ओधियांबो लुओ. तोंडाने कोणाला विचारू नका. पण सुपरवायझर नेमताना, ओव्हरटाइम वाटताना नावं डोळ्यांखालून घाला. एकाच गटाचे सगळे वर गेले तर बोट मुहिंदी साहेबाकडे जातं. डब्याच्या वेळी उमेदवारांवर मत देऊ नका, कौतुकाचंही नाही.

आता तारीख. राज्यघटनेप्रमाणे मतदान ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे 10 ऑगस्ट 2027 ला. निकालाला जास्तीत जास्त सात दिवस, आव्हान द्यायला आणखी सात, सर्वोच्च न्यायालयाला निवाड्यासाठी चौदा. म्हणजे सप्टेंबर उजाडलाच. कोर्ट इथे नुसतं शोभेचं नाही: 2017 मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षांची निवडणूकच रद्द केली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मतदान झालं. ते लांबलेले महिने धंद्याला फार जड गेले.

म्हणून नोकरी घ्या, पण कंपनीकडे रुजू होण्यासाठी ऑक्टोबर मागा. मतदानाआधी नवीन माणूस आणून त्यांचाही फायदा नाही. पुष्कळ कारखाने तो आठवडा निम्म्या माणसांवर चालवतात. ते जूनवर अडून बसलेच, तर एकटे या, भारतीय उच्चायुक्तालयात नोंदणी करा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात किराणा, गॅस, पेट्रोल भरून ठेवा आणि त्या दिवसांत नैरोबीला जायची वेळ आली तर रस्त्याने न जाता एल्डोरेटहून विमान पकडा. बायको-मुलीची तिकिटं जानेवारीची काढा. सरकारी वेळापत्रकाने चालणाऱ्या शाळांचं नवीन वर्षही तेव्हाच सुरू होतं.